शेवटच्या गाळ्याचं पहिलं घमेलं

आमच्या नदीवर पूल नव्हता तेव्हा रपटा होता. बुटका, दोन्ही टोकांना खचलेला. पावसाळ्यात नदी त्याच्यावरून जायची आणि आम्ही अलीकडे उभं राहून पलीकडच्या माणसांशी ओरडून बोलायचो. साखरखेर्ड्याचा बाजार पलीकडे, डॉक्टर पलीकडे, कापसाचे व्यापारी पलीकडे. पाणी चढलं की उलट्या अंगानं बीबी गावाकडून फेरा मारायचा, नाहीतर घरात बसायचं. पुलाची मागणी माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून होती. दोनदा भूमिपूजन झालं. त्यातला एक दगड पुढे कुणीतरी उपटून गोठ्याच्या दारात पायरी म्हणून बसवला, आणि त्याबद्दल गावात कुणाला काही वाटलं नाही.

पूल खरोखर सुरू झाला तो बीटी कापसाच्या वर्षांत. बीटीच्या पहिल्या हंगामात बोंडअळी दिसली नाही म्हणून लोक पराटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, उभं राहून फोटो काढून घेत. बियाण्याच्या पाकिटासाठी कृषी केंद्रापुढे पहाटेपासून रांगा लागत. मग एक वर्ष पाऊस मधेच गेला, पानं लाल पडली, लाल्या म्हणतात तो. बोंडं होती तेवढीच वाळली. त्या वर्षांत आमच्या भागात बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन यायची आणि ज्या घरात माणूस गेला त्या घराचा रस्ता विचारायची. आम्ही बोटानं दाखवायचो. अशी घरं आजूबाजूच्या गावांत होती. आमच्या गावातही एक होतं.

आमची पराटी लाल पडली तेव्हा बायको म्हणाली, "मी पुलावर जाते कामाले."

मी म्हणालो, "जाय."

एवढंच बोलणं झालं. मी कमी बोलणारा माणूस आहे. बुलडाण्याला राहून बी. ए. केलं, नोकरी लागली नाही, गावात परत आलो, तेव्हापासून आणखीच कमी बोलायला लागलो. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. तो शांत नव्हता, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

नदी जानेवारीपासून कोरडी असते, त्यामुळे काम तेव्हाच चालायचं. मातीचा बांध घालून उरलंसुरलं पाणी एका अंगाला वळवायचे, पात्रात पाया खोदायचे, त्यातून खांब वर यायचे. खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात, हे मला बायकोकडून कळलं. पहिल्या उन्हाळ्यात ती पाया खोदायला, दगड उचलायला होती. दुसऱ्या उन्हाळ्यात स्लॅब सुरू झाले.

स्लॅब ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका गाळ्याचा स्लॅब एकदा सुरू केला की संपेपर्यंत थांबवता येत नाही. मधे थांबलं की सांधा राहतो. खाली मिक्सर घरघरत असतो, तिथून वर फळ्यांचा चढ बांधलेला असतो, आणि त्या चढावर बायका एकीमागे एक उभ्या. भरलेलं घमेलं हातोहात वर जातं, रिकामं दुसऱ्या बाजूनं खाली येतं. कुणी चालत नाही, फक्त हात आणि कंबर चालते. या ओळीत जागेला मान असतो. नवीन बाई मिक्सरपाशी, आणि जिच्या हाताला वजन आणि डोळ्याला अंदाज असेल ती सगळ्यात वर. वरच्या बाईनं मिस्त्री बोट दाखवील तिथं घमेलं उलटायचं. एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही आणि सळईवर आपटायचंही नाही.

तिसऱ्या गाळ्यापर्यंत माझी बायको सगळ्यात वर पोचली होती.

मिस्त्री देऊळघाटचा होता. मुसलमान, माझ्याच वयाचा, बापापासून हेच काम करणारा. उंच, डोक्याला ओला गमछा, आवाज मिक्सरच्या वरचा. सुरुवातीला तो हिला भाभी म्हणायचा. पण हजेरीला सगळ्यांची नावं पुकारली जात, म्हणून मग सगळेच एकमेकांना नावानं हाका मारू लागले.

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. निदान माझ्या वयाचे घेत नव्हते. 'अवं', 'आयकतं का', फार तर पोराचं नाव घेऊन त्याची माय. एका दुपारी ती भाकर विसरली म्हणून मी फडकं घेऊन पुलावर गेलो. खालून दिसत नव्हतं कोण, पण वरून कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली. खणखणीत, पुऱ्या नावानं. आणि ती वरूनच ओरडली, "हाव, आली!" तिच्या गळ्यात एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मागाहून ती हसली. सगळी ओळ हसली. कशाला हसले ते मला कळलं नाही. मी फडकं मिक्सरवाल्याच्या हातात दिलं आणि आलो.

त्या दिवसापासून मी जळायला लागलो.

आधी वाटलं, मिस्त्रीवर जळतो आहे. तसं समजणं सोपं होतं. ती घरी आली की मी तिच्या तोंडाकडे पाहायचो. ती थकलेली असायची, पण ते थकणं शेतातून येणाऱ्या बाईचं नव्हतं. हात धुताना सांगायची, "आज मिस्त्री म्हणे, तुमची लाईन नसती तं हा गाळा दिवस बुडल्यावरही भरून झाला नसता." किंवा, "सेंट्रिंगच्या फळ्या एका अंगानं दबल्या व्हत्या, मले पहिले दिसलं." मी म्हणायचो, "बरं." एकदा ती अंगणातल्या दावणीच्या खुंटाकडे पाहून म्हणाली, "हे लेवलमधी नाही वाटत." खुंट मी ठोकला होता. मी तिच्यादेखत उपटला आणि पुन्हा ठोकला, आणखी वाकडा.

टपरीवर माणसं गंमत करायची. "काऊन बे, वहिनी पूल बांधून राह्यली, तू घरी भाकरी थापतं का?" दुसरा म्हणायचा, "याले इचारू नको, याचं बी. ए. झालं. हा उद्घाटनाचं भाषण लिहून राह्यला." मी हसायचो. पण त्यातला एक जण हळूच मिस्त्रीच्या जातीवर यायचा. "सांभाळ बरं भाऊ, देऊळघाटचा गडी हाय." मी काही बोलायचो नाही. माझं न बोलणं म्हणजे त्याला बोलू देणं होतं. मिस्त्रीनं कधी माझ्या बायकोकडे वाकडी नजर टाकली नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी ते बोलणं मला हवं होतं. माझ्या जळण्याला त्यानं एक सोयीचं कारण मिळत होतं.

खरं कारण निराळं होतं. ती एका गोष्टीत चांगली होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मी कशात चांगला आहे ते मलाही सांगता आलं नसतं. माझं रान लाल होऊन उभं होतं, आणि तिच्या हातचं काम नदीच्या मधोमध दरवर्षी वर येत होतं.

आता मुख्य गोष्ट.

मिस्त्रीच्या टोळीत एक रिवाज होता. पुलाचा शेवटचा गाळा भरायचा त्या दिवशी मिक्सरला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि पहिलं घमेलं टोळीतल्या एका सवाशिणीनं टाकायचं. ठेकेदार तिची ओटी भरायचा. मिस्त्री स्वतः हात जोडून बाजूला उभा राहायचा. त्याच्या बापानं बांधलेल्या कामांपासून हे चालत होतं म्हणे. गावातल्या पुढाऱ्याची इच्छा होती की ते घमेलं त्याच्या बायकोनं टाकावं. ठेकेदार तयार होता. मिस्त्री अडून बसला. म्हणाला, "पायापासून जिनं माल उचलला तीच टाकीन. नाही तं नारळ तुमीच फोडा आन् स्लॅबही तुमीच भरा."

म्हणजे माझ्या बायकोनं टाकायचं.

हे तिनं मला चुलीपुढे बसून सांगितलं. सांगताना तिनं पदर दातात धरला होता, लग्नातल्या मुलीसारखा. आणि शेवटी म्हणाली, "तुमीबी या. मिस्त्री म्हणे, नारळ तुमच्या हातानं. जोडीनं करा म्हणे."

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर इथं विरघळला असता. मला राग आला. म्हणजे माझ्या गावातल्या नदीवर नारळ फोडायचं आमंत्रण मला तो देणार, आणि तेही बायकोचा नवरा म्हणून. मी म्हणालो, "पाहू."

स्लॅब शनिवारी ठरला. गुरुवारी संध्याकाळी मी टपरीवरून घरी आलो तर तिनं पेटीतून हिरवी साडी काढून दोरीवर टाकली होती, घड्या मोडायला. आमच्या लग्नातली. मी ती साडी पाहिली. ठरवून काही केलं असं मला अजूनही वाटत नाही, पण तोंडातून शब्द आले ते अगदी सरळ आले.

"काका गेले," मी म्हणालो.

"कोनते काका?"

"पलीकडचे."

माझे एक चुलत चुलते नदीपलीकडे, जालन्याच्या बाजूला एका गावात राहत. वडिलांशी त्यांचं बांधावरून बिनसलेलं. येणं-जाणं जवळजवळ नव्हतंच. पण रक्ताचे, एकाच कुळातले; आमच्या गावात भावकीतलं दुसरं घर नाही. त्यांचं सुतक आम्हाला पडतं, दहा दिवस. सुतकातली बाई हळदकुंकवाला हात लावत नाही. मानाचं घमेलं तर नाहीच.

तिनं हात पुसले. "कसे गेले?"

"काय सांगू आता," मी म्हणालो आणि खाली पाहिलं.

त्या वर्षी एवढंच पुरेसं होतं. काकांचा कापूसच होता. ती भिंतीला टेकून खाली बसली. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "फवाऱ्याचं औषध?"

मी हो म्हणालो नाही. नुसता गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं.

"कोनाजवळ बोलू नको," मग मी म्हणालो. "पंचनाम्याचं लफडं असते."

ती रडली. ज्या माणसाला तिनं लग्नात एकदाच पाहिलं होतं त्याच्यासाठी ती खरोखर रडली. मग उठली, दोरीवरची साडी काढली, घडी घातली आणि पेटीत ठेवली. मी तिथंच उभा होतो. ज्या वर्षी गावोगाव खरी सुतकं पडत होती त्या वर्षी मी एक खोटं सुतक घरात आणलं होतं, आणि माझ्या छातीतलं जळणं थांबलं होतं. तेवढं मात्र खरंच थांबलं होतं.

पुढची लाज अशी की खोटं मेलेल्या माणसाच्या मातीला जावं लागतं.

शुक्रवारी सकाळी मी एकटाच निघालो; तिथं पोलीस असतील असं सांगून तिला घरीच ठेवलं. पात्रातून, शेवटच्या गाळ्याच्या सेंट्रिंगखालून. वरून मिस्त्रीनं पाहिलं. "भाऊ, उद्या लवकर या बरं! नारळ मी आनून ठेवला."

मी म्हणालो, "सुतक पडलं."

तो शिडीवरून खाली आला. गमछा डोक्यावरून काढून हातात घेतला. "कोन गेलं?"

"चुलता."

"शेतीवाले?"

"हाव."

"या अल्ला," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सिमेंटनं खरखरीत झालेला हात. "काही लागलं तं सांगा. गाडी लागली, मानसं लागली. भाभीले म्हना, घमेल्याचं मनात आनू नका. आधी मानूस."

मी मान हलवली आणि साखरखेर्ड्याला जाऊन दिवसभर बसलो. भजी खाल्ली, चहा प्यायलो, जिनिंग कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत पडून राहिलो. ऊन उतरल्यावर मातीहून परतणाऱ्या माणसासारखा मान खाली घालून घरी आलो. तिनं चूल पेटवली नव्हती. अंगणात पाणी तापवून ठेवलं होतं, दगडावर कडुलिंबाचा पाला. मी पाला चावला. तिनं माझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि विचारलं, "काकी कशा हायेत?"

"बसून हायेत," मी म्हणालो.

शनिवारी मिक्सरचा आवाज सकाळपासून आमच्या अंगणात येत होता. ती दारात नदीकडे पाठ करून बसली आणि सूप घेऊन तूर निवडत राहिली. निवडलेली तूर पुन्हा निवडली. संध्याकाळी टपरीवरून मी वार्ता आणली. मानाचं घमेलं पुढाऱ्याच्या बायकोनं टाकलं होतं. अर्धा माल तिच्याच पायावर सांडला, चप्पल त्यात रुतली, माणसं हसली. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "सळईवर आपटलं का?" मी म्हणालो, मला काय माहीत. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

दहाव्याला तिनं सांगितलं, "केस काढा. भावकीतले होते." गावात कसे काढणार? न्हावी विचारणार. मी बीबीला गेलो. तिथला न्हावीही विचारत होता. "कोन गेलं भाऊ?" मी म्हणालो, "लांबचे." तो म्हणाला, "आजकाल लांबचं काय न् जवळचं काय," आणि वस्तरा पाण्यात बुडवला. समोर आरसा होता. मी डोळे मिटून घेतले.

पाऊस लागला, पूल झाला. मांडव घालून उद्घाटन झालं. ती गेली नाही, शेतात निंदण आहे म्हणाली. त्या पावसाळ्यात नदीला चांगला पूर आला आणि पहिल्यांदाच गावातलं कुणी अलीकडे अडकलं नाही. लोक पुलावर उभं राहून खालचं पाणी पाहायचे. मीही पाहायचो. शेवटच्या गाळ्यावर पाय ठेवताना मात्र चाल जलद व्हायची.

हिवाळ्यात, वेचणीच्या दिवसांत, मी ओट्यावर बसून विळ्याला दांडा बसवत होतो. गल्लीतून आवाज आला.

"हाय का घरी, पुतण्या?"

काका. धोतर, टोपी, हातात पिशवी, पिशवीत लग्नपत्रिका. त्यांच्या नातीचं लग्न होतं. "पूल झाला म्हनून आलो बाप्पा," ते ओट्यावर चढत म्हणाले. "पहिले तुमच्याकडं यायचं म्हन्लं तं अर्धा दिवस जाय. आता जीपवाल्यानं पानतंबाखू होइस्तोवर आनून सोडलं. भांडनं काय, म्हतारपनी कोन धरून बसते?"

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि चौकटीत थांबली. काकांना वाटलं ओळखलं नाही. ते हसत म्हणाले, "काय व सूनबाई, वळखलं नाही का? मेलो नाही म्हन्लं अजून!"

तिनं तांब्या खाली ठेवला. तिनं पदर डोक्यावर घेतला, खाली वाकली, त्यांच्या पायाला हात लावला. "शंभर वर्सं जगा, मामाजी," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी तिनं वरण-बट्टी केली. इतकं तूप तिनं माझ्या ताटात कधी घातलं नव्हतं जितकं त्यांच्या ताटात घातलं. ते नको नको म्हणत राहिले आणि ती वाढत राहिली.

जेवण झाल्यावर काका म्हणाले, पूल पायानं चालून पाहू. आम्ही तिघं गेलो. ते पुढे, ती त्यांच्या मागे, मी सगळ्यात मागे. काकांनी कठड्यावर हात आपटून पाहिला. "मजबूत केला."

"मी होते याच्यावर," ती म्हणाली.

"तू?"

"पायापासून. या गाळ्याले दुपारी पानी आलतं, आमी ताडपत्री धरून उभ्या राह्यलो. आन् हा भरला तवा मिक्सर बंद पडला, तं आमी हातानं कालवला माल." ती एकेक गाळा दाखवत चालली होती. तिचा तो आवाज मी पुन्हा ऐकत होतो, भाकर द्यायला गेलो होतो त्या दिवशीचा. शेवटच्या गाळ्यापाशी ती थांबली. "यात मी नव्हते. सुतक होतं."

"कोनाचं व?" काका म्हणाले. "मले तं कोनी नाही सांगतलं."

मी कठडा धरला. नदीचं पाणी खाली कुठंतरी चमकत होतं.

"लांबचं होतं," ती म्हणाली. "चाला मामाजी, तुमची जीप चुकन."

तिनं मला वाचवलं असं मला तेव्हा वाटलं. वाचवलं नव्हतं. तिनं ते माझ्याजवळच ठेवून दिलं. त्या दिवशी घरी आल्यावर भांडण होईल म्हणून मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पाहिली. होळीपर्यंत पाहिली. ती नेहमीसारखी बोलायची, भाकर वाढायची, बी-बियाण्याचं विचारायची. पण हात धुताना काही सांगणं तिनं बंद केलं. कामावर काय झालं, कोण काय म्हणालं, कोण कशाला हसलं, काही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्रीच्या टोळीला दुसरीकडे काम लागलं. ती म्हणाली, "मी जाऊन राह्यली." विचारलं नाही, सांगितलं. मला अडवायचं तोंड नव्हतं. नंतर दरवर्षी ती जात राहिली. पूल, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती. आता तिची स्वतःची बायकांची टोळी आहे, स्लॅब असला की लोक तिलाच फोन करतात. मिस्त्रीनं आता काम सोडलं, देऊळघाटलाच असतो, ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवतो. मी तो खातो. आणि इतक्या वर्षांत माझं जळणं कधी गेलं नाही. ती फोनवर बोलत असली की मी हातातलं काम थांबवतो. समोरचा माणूस तिचं नाव घेतो, ते कानावर पडतं, आणि आतून कुणीतरी चिमटा घेतो. मी तिचं नाव अजून घेतलेलं नाही. इथंही लिहीत नाही. तो हक्क मी घालवला असं वाटतं.

गेल्या महिन्यात सकाळी काकांच्या मुलाचा फोन आला. काका गेले. वय होऊन, अंथरुणातच. दुपारी माती होती.

ती अंगणात चप्पल घालत होती. बीबीला एका घराचा स्लॅब होता, तिच्या बायका टेम्पोत बसल्या होत्या. मी म्हणालो, "काका गेले."

ती वळली. माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच?"

त्या एका शब्दावर मी ओट्यावर बसलो. आणि मग बोललो. सगळं. टपरी, हिरवी साडी, साखरखेर्ड्याची भजी, बीबीचा न्हावी. एवढं मी आयुष्यात एका दमात बोललो नव्हतो. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिनं ऐकून घेतलं.

"मामाजी आले त्या दिवशीच समजलं मले," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. मी लय दिवस येगळंच इचारत राह्यली मनाले. तुमी नुसतं 'जाऊ नको' काऊन नाही म्हन्लं?"

मी म्हणालो, "तू आयकलं नसतं."

"हाव. आयकलं नसतं. मी गेलीच असती." तिनं टेम्पोवाल्याला हात केला. "तुमालेबी माहीत होतं ते. म्हनून तं मानूस मारला तुमी."

मग तिनं दुसरी चप्पल घातली. मी म्हणालो, "आता खरं सुतक हाय. मातीले यायचं नाही का?"

"मी पाळलं त्याईचं सुतक," ती म्हणाली. "दहाही दिवस पाळलं, खरं समजून. रडली बी. आता दुसऱ्यांदा नाही पाळत. तुमचं राह्यलं, तुमी पाळा."

टेम्पो गेला. मी जीप धरली. काकांच्या अंगणात माणसं जमली होती. जुने भाऊबंद, ज्यांची तोंडं मला नीट आठवत नव्हती. काकी खरोखर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "सून नाही आली रे?"

खोटं तयार होतं. ताप आला, गाडी मिळाली नाही, काहीही. इतक्या वर्षांची सवय.

"तिचा स्लॅब हाय, काकी," मी म्हणालो. "मधे थांबवता येत नाही."

काकींनी मान हलवली. मी तिरडीला खांदा दिला, आणि त्या चालण्यातही माझ्या डोळ्यांपुढे काका नव्हते. बीबीचं ते घर होतं, फळ्यांचा चढ होता, आणि सगळ्यात वर ती उभी होती. कुणीतरी खालून तिचं नाव घेऊन हाक मारत होतं आणि ती 'आली' म्हणून ओरडत होती. मी जळत होतो. सुतक पाळायला सुरुवात झाली होती.